काळी कोर

आत्माराम तात्यांनी साखळीला टांगलेल्या रॉडवर हातोडी मारली आणि डोळे मिटून घेतले.

कुंभवलीचं ते भंगाराचं आवार एकदम गप्प झालं. आवाराचा मालक रूपेश आधीच ओरडून मोकळा झाला होता, "मशीन बंद करो, तात्या सुन रहे हैं." पत्रे उतरवणारे दोघे हमाल हातातला पत्रा तसाच धरून उभे राहिले. ज्याच्या जीपसाठी हे सगळं चाललं होतं त्या देवूने तर श्वासही रोखून धरला होता.

बोईसर-पालघर पट्ट्यात ज्याच्या दारात म्हणून जुनी जीप होती, त्याला आत्माराम मिस्त्रींची ही रीत ठाऊक होती. एक्सलचा रॉड, म्हणजे मागचं चाक फिरवणारा तो अडीच फुटी पोलादी दांडा, साखळीला मोकळा टांगायचा आणि ठोकायचा. पोलाद निरोगी असलं की ते टाळासारखं बोलतं, आवाज लांबवत नेतं. पोटात केसाएवढी चीर असली तरी आवाज बसतो, जागच्या जागी मरतो. दुसरे मिस्त्री रॉड डिझेलमध्ये भिजवत, कोरडा पुसत आणि वर खडूची पूड लावत. चिरेत शिरलेलं डिझेल मग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटे. त्यात अर्धा दिवस जाई. तात्या त्यांना हसत. "खडू बहिऱ्या मिस्त्रीला लागतो," म्हणत. त्यांचा स्वतःचा कान तीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून, टाळ धरून तयार झालेला होता.

रॉड साखळीवर हलकेच झुलत राहिला. तात्यांना ऐकू आला तो फक्त ठोका, पोळपाटावर लाटणं आपटावं तसा. त्याच्यामागून जे यायला हवं होतं, ती बारीक, उंच, लांबत जाणारी रेघ, ती आली नाही.

दुसरा रॉड टांगला. पोळपाटावर लाटणं.

तिसरा. चौथा. तेच.

तात्यांच्या पापण्या पहिल्या ठोक्यानंतर किंचित उघड्याच होत्या. दुसऱ्या रॉडच्या वेळी देवूची हनुवटी जराशी वर गेली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्याच्या वेळी एक हमाल लवकरच पत्र्याकडे वळला होता. एवढ्यावर काय ठरवायचं? चारही रॉड जुन्या पिकअप गाड्यांच्या एकाच जातीचे, जाडीला देवूच्या तुटलेल्या रॉडच्या दीडपट, टोकाचे दाते शाबूत. डोळ्यांना चारही सारखे.

"काय तात्या?" रूपेश म्हणाला. "चारी एक नंबर हाय. गाड्या ठोकून नाय आल्या, कागद संपले म्हणून आल्या."

"तू गप रे. तुझ्या तोंडातनं आजवर दोन नंबरचा माल कधी निघालाय?"

हमाल हसले. तात्यांनी तेवढ्यात बोट दाखवलं.

"हा दुसरा. आणि तो चौथा."

"मंग बाकीच्या दोघांत खोट हाय?" देवूने विचारलं.

"बाकीचे राहू देत."

रूपेशने मान हलवली. "कान हाय का काय हाय. आमाला चौघांत काडीचा फरक नाय कळला."

तात्यांनी हातोडी पिशवीत टाकली आणि ते कुणाकडे न बघता टेम्पोकडे चालू लागले.

टेम्पोत दोघांच्या मांड्यांवर एकेक रॉड होता. देवू आपला रॉड बाळासारखा धरून बसला होता. मध्येच त्याने त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि स्वतःशीच हसला.

आवळीपाड्याला वर जाणारी एकच वाट आणि त्या वाटेवर चालणारी एकच गाडी, ती देवूची. मुळात डोंगराचीच जीप, चारही चाकांना जोर देणारी. पण आधीच्या मालकाने डिझेल वाचवायला पुढच्या चाकांचा जोड काढून टाकलेला, तो परत कधी बसला नाही. सकाळच्या पाळीला पाड्यावरच्या बाया तारापूरच्या कारखान्यांत उतरायच्या त्या हिच्यातून. बाळंतीण, आजारी, रेशनची पोतीही हिच्यातूनच. खडकीच्या चढाला गाडी लागली की एकजण खाली उतरतो आणि हातात दगड घेऊन मागून चालतो, ही तिथली रीत. इंजिनाने दम तोडला, गाडी मागे सरकली, तर चाकाखाली दगड द्यायचा. देवूच्या गाडीमागे त्याची बायको नवसी चालायची.

दीड महिन्यापूर्वी तिथेच रॉड तुटला. बंदूक उडावी तसा आवाज झाला म्हणतात. जुन्या जीपला हा एकच दांडा सगळं करतो: चाक फिरवतो, गाडीचं वजनही उचलतो, आणि हँडब्रेक धरतो तोही त्याच्यातूनच. दांडा गेला तसं चाक ड्रमसकट बाहेर आलं, ब्रेकचं तेल सांडलं, हँडब्रेक नुसता हातात आला. गाडीत चौदा माणसं. मागे वळण आणि वळणाखाली दरी. नवसीने उरलेल्या चाकाखाली दगड दिला. गाडी थांबली. दगडाबरोबर तिच्या उजव्या हाताची दोन बोटंही तिथेच राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

म्हणून तर तात्यांनी देवूला नुसता नवा रॉड घालून दिला नाही. "सगळं हौसिंगच बदलू," म्हणाले. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली आडवी नळी, जिच्या पोटात रॉड फिरतात. पिकअपमध्ये वजन ही नळी उचलते, रॉडला फक्त फिरवायचं काम. रॉड मोडला तरी चाक जागेवर राहतं, पायाचा ब्रेक शाबूत राहतो. हौसिंग आठवड्यापूर्वीच मिळालं होतं. जीपच्या पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगांना, बसेल अशा गाद्या त्यावर वेल्ड करूनही झाल्या होत्या. त्यातले रॉड तेवढे मालकाने कुणाला तरी आधीच देऊन टाकलेले. ते आज मिळाले. पण हँडब्रेक याही गाडीत रॉडमधूनच धरणार होता, आणि चढावरून उतरताना इंजिनाचा लगामही. रॉड निरोगी हवा. त्याला पर्याय नव्हता.

सालवडला तात्यांचं गॅरेज आणि त्याच्याच मागे घर. जीप लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेली होती. देवूने पाट्यांचे बोल्ट सोडायला घेतले. तात्या नवे रॉड पुसत बसले. पुसता पुसता ते एक रॉड कानाशी नेत आणि पुन्हा खाली ठेवत.

कधी गेला हा कान? तारापूरच्या एका कारखान्यात कंप्रेसरच्या खोलीत वीस वर्षं काढली, तिथेच कुठेतरी गळायला लागला असणार, पण कळलं फार उशिरा. गेल्या वर्षीच्या सप्ताहात टाळ लाकडासारखे वाजू लागले. त्यांना वाटलं, टाळच बाद झाले. नवे आणले. तेही लाकूड. बुवांचे शब्द कळत होते, कारण बुवांचं तोंड दिसत होतं. ठेका कळत होता, कारण मृदंगावरचा हात दिसत होता. एका संध्याकाळी रंगात आलेलं नामस्मरण बुवांनी निरूपणासाठी हात वर करून एकदम थांबवलं. मृदंग थांबला, सगळे टाळ थांबले. तात्यांचे डोळे नेमके मिटलेले. त्यांचे टाळ तीनचार ठोके एकटेच वाजत राहिले. मंडपात हसू पसरलं, मायेचं हसू. बुवाही कौतुकाने वळून म्हणाले, "रंगणं म्हणतात ते हे." पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने तर तात्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

तात्यांनी ठेवू दिलं. भक्तीच्या नावाखाली आपलं बहिरेपण झाकलं, हे त्यांनी देवाजवळ कबूल केलं होतं, पुष्कळदा. माणसांजवळ नाही.

"तात्या, धरा वो."

देवूने बोलावलं ते त्यांना हाताच्या खुणेने कळलं. दोघांनी मिळून जुनं हौसिंग जॅकवर उतरवलं. भंगारात द्यायच्या आधी तेल काढायचं म्हणून तात्यांनी ते परातीवर कलतं केलं. काळं तेल गळलं आणि नळीतून काहीतरी घरंगळत येऊन परातीत पडलं.

तुटलेल्या रॉडचा आतला अर्धा.

बाहेरचा अर्धा त्या दिवशी चाकाबरोबर आला होता. तो दीड महिना पाड्यावर उघड्यावर पडून गंजला. त्याच्या तोंडाकडे पाहून काही कळण्यासारखं राहिलंच नव्हतं. हा मात्र तेलात बुडून होता. तात्यांनी तुकडा फडक्याने पुसला आणि तुटलेलं तोंड उजेडाकडे केलं.

बहुतेक सगळं तोंड साखरेच्या दाण्यासारखं लख्ख होतं. ते त्या सकाळी तुटलेलं. एका कडेला मात्र नखाच्या आकाराची काळी कोर होती, चवथीच्या चंद्रासारखी, कडेशी जाड आणि आत निमुळती. काळा भाग जुना. चिरेत तेल शिरून पोलाद असं काळं पडायला महिने लागतात.

तात्यांचा अंगठा त्या कोरीवर थांबला.

तो सप्ताह होऊन गेल्यावर, गेल्या पावसाळ्याआधी देवूने गाडी आणली होती. तेलाचं सील बदलायचं होतं. रॉड बाहेर काढलाच आहे तर ऐकूया, म्हणून त्यांनी टांगला, ठोकला, डोळे मिटले. नवसी पळसाच्या पानात करवंदं घेऊन आली होती, ती तिथेच दाराशी उभी होती. "चांगला आहे," असं ते म्हणाले होते. करवंदं खात खात म्हणाले होते.

"काय निघलं?" देवू गाडीखालून विचारत होता. "तात्या? काय निघलं?"

"काही नाही. तुकडा."

त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि फळीवर, ग्रीसच्या डब्यामागे सारला.

दुपारपर्यंत नवं हौसिंग पाट्यांवर बसलं. यू-बोल्ट आवळले, ब्रेकची नळी जोडली. तात्यांचा हात रोजच्यासारखा चालत होता. एक बोल्ट दोनदा आवळला गेला एवढंच. डाव्या बाजूचा रॉड त्यांनी नळीत सारला, आतल्या दात्यांत दाते अडकल्याचा धक्का मनगटाला लागला, आणि ते बाहेरचे आठ बोल्ट एकेक करून लावायला बसले.

तेवढ्यात नवसी आली. दवाखान्यातून परस्पर आलेली, हातावरचं बँडेज पहिल्यांदाच सुटलेलं. उजवा हात तिने पदराखाली ठेवला नव्हता. तो होता तसा होता.

"डॉक्टर बोलला, आता भाकरी थापायला जमंल," ती देवूला म्हणाली. "मी बोलली, नको. भाकऱ्या आता आमचा नवरा थापतो. त्याची सवय मोडंल."

"भाकरी नाय व्हत ती," देवू म्हणाला. "नकाशा व्हतो. पालघर जिल्ह्याचा."

"खाणाऱ्याला तालुकं मोजायला बरं."

ती हसत हसत गाडीच्या मागच्या बाजूला आली आणि वाकून पाहू लागली. तात्यांनी मान वर केली नाही.

"तात्या, ह्यो जाडजूड दिसतो. ऐकला ना तुमी?"

"ऐकला म्हंजे?" देवूनेच उत्तर दिलं. "चौघांतनं दोन काढलं. रूपेश शेठ बघत राहला."

"मंग झालं." नवसी सरळ उभी राहिली. "उद्यापासून मी मागं चालायची नाय. पुढं बसन, मालकिनीसारखी. तात्यांनी ऐकलंय तर दगड कशाला?"

पाचवा बोल्ट तात्यांच्या बोटांत होता. तो त्यांनी भोकाला लावला. आट्या लागेनात. पुन्हा लावला. मग बोल्ट खाली ठेवला, पाना उलटा धरला आणि लावलेले चार बोल्ट सोडायला सुरुवात केली.

"काय झालं?" देवू जवळ आला.

"बाहेर काढतोय."

"का? बसला नाय?"

"बसला. डिझेलचा अर्धा पिंप इकडे ओढ. आणि खडू लागेल."

देवू हसला. "खडू त बहिऱ्या मिस्त्रीला लागतो, तात्या. तुमीच बोलता."

"हो," तात्या म्हणाले. पाना फिरत राहिला. "मीच बोलतो."

देवूचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग उतरलं. त्याने नवसीकडे पाहिलं. तात्यांनी चौथा बोल्ट काढला, रॉड ओढून जमिनीवर ठेवला, उठले, आणि फळीवरून फडकं आणलं. सोडून तुकडा नवसीपुढे धरला. देवूपुढे नाही.

"ही कड बघ. काळी दिसते?"

"हां."

"बाकीचं त्या सकाळी तुटलं. ही चीर आधीची. पावसाळ्याच्याही आधीची. तू करवंदं आणली होतीस, तेव्हा हा रॉड मी टांगून ऐकला. चांगला आहे म्हणालो." त्यांनी तुकडा तिच्या आणखी जवळ नेला. "मला काही ऐकू आलं नव्हतं, पोरी. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. आज सकाळीही आलं नाही."

नवसीने तुकडा हातात घेतला. उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात धरून तिने तो फिरवला. रस्त्यावरून एक टँकर गेला. त्याची थरथर तात्यांना पायांत जाणवली.

"तवा ठाव व्हतं तुमाला?" तिने विचारलं. "का आता कळलं?"

हाच प्रश्न येऊ नये असं त्यांना वाटत होतं. खोटं बोलायला जागा होती. जागा चांगली ऐसपैस होती.

"संशय होता," ते म्हणाले. "लाज वाटली सांगायला."

नवसीने तुकडा बाकड्यावर ठेवला, तोंड वर करून.

"चौदा माणसं व्हती," देवू म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, कारण तात्यांना तो स्पष्ट ऐकू आला. "माझी आय व्हती गाडीत."

"हो."

"आन सकाळी रूपेशकडं? दुसरा आन चौथा?"

"तुमची तोंडं बघून सांगितलं."

देवूने हातातला पाना जमिनीवर टाकला आणि तो बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग बऱ्याच वेळाने आत आला आणि डिझेलचा पिंप ओढू लागला.

खडू मागायला तात्या घरात गेले. त्यांची बायको सुगंधा अंगणवाडीत मदतनीस. खडूचा डबा तिच्याकडे असायचा. ती मोरीपाशी भांडी घासत होती. तात्यांनी मागितलं तशी ती उठली, हात पुसले, फिरून त्यांच्या अगदी समोर आली आणि मग म्हणाली,

"पूड करून देऊ?"

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की गेलं वर्षभर ती अशीच बोलते. हाक मारत नाही. खांद्याला हात लावते, समोर येते, चेहरा दिसू देते. उतारवयातलं लाघव म्हणून ते मनातून सुखावत आले होते.

"दे," ते म्हणाले.

दोन्ही रॉड दोन तास डिझेलमध्ये राहिले. देवूने ब्रेकची हवा काढली, ती तात्यांशिवाय, नवसीला पॅडलशी बसवून. "दाब. सोड. दाब." तात्या दुसऱ्या कोपऱ्यात खडू चाळत बसले. गिऱ्हाइकं दोन आली, त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

मग रॉड काढले, कोरडे पुसले, फडकं बदलून पुन्हा पुसले. सुगंधाने दिलेली पूड तात्यांनी कापडाच्या पुरचुंडीतून झटकत झटकत लावली. दोन्ही रॉड बाकड्यावर पांढरे होऊन पडले. तात्या हात मागे बांधून उभे राहिले. हे पाहायला कान लागत नव्हता. चार डोळे आणखी होते.

दुसरा रॉड पांढराच राहिला.

चौथ्यावर काही वेळाने, दात्यांच्या थोडं अलीकडे, एक ओलसर रेघ दिसू लागली. आधी ती सावलीसारखी होती. मग गडद झाली, दांड्याला वेढा घालत अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली.

नवसीने त्या रेघेकडे पाहिलं, मग बाकड्यावरच्या त्या तुकड्याकडे. देवूने चौथा रॉड उचलला, तात्यांच्या नाकापुढून नेला आणि भिंतीशी भंगाराच्या ढिगावर फेकला. त्याचा आवाज झाला असणार, नवसी दचकली.

"बाकीचं दोन आणतो," तो म्हणाला. तो दाराकडे तोंड करून बोलला. नवसीने तात्यांकडे वळून तेच पुन्हा सांगितलं, "दोन आणाया चाललाय."

पहिला आणि तिसरा रॉड रात्रभर डिझेलमध्ये राहिले. सकाळी तिसऱ्याच्या मुळाशी बारीक रेघ निघाली. पहिला निर्मळ होता. तात्यांनी तो दोनदा धुतला, दोनदा पूड लावली आणि मग देवूला म्हणाले, "तूही बघ." देवूने उन्हात नेऊन पाहिला. पहिला आणि दुसरा, असे दोन रॉड बसले. शेवटचा बोल्ट आवळताना तात्या नेहमी रामकृष्णहरी म्हणत. या वेळी त्यांनी पाना देवूच्या हातात दिला.

गाडी वर निघाली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. माणसांच्या जागी वाळूची पोती भरली होती, चौदा माणसांच्या वजनाची. देवू चालवत होता. नवसी पुढे बसली. तात्या मागे पोत्यांवर, उजव्या चाकाच्या डोक्यावर. त्यांना या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, नको म्हणूनही नाही. वाटभर नवसीने मागे वळून पाहिलं नाही.

खडकीच्या चढाच्या पायथ्याशी देवूने गाडी थांबवली. तात्या उतरले आणि कडेचा एक जड, चपटा दगड दोन्ही हातांनी उचलला.

"राहू द्या, तात्या," देवू खिडकीतून म्हणाला. त्यात माया नव्हती, रागही नव्हता. "रॉड मी बघितलाय."

"मी मागे चालतो."

देवूने पुढे पाहिलं आणि गिअर टाकला. तेवढ्यात पुढचं दार उघडलं. नवसी खाली उतरली, मागे आली आणि तात्यांच्या समोर उभी राहिली.

"गाडीनं दम तोडला त इंजिनाचा आवाज आधी बदलतो," ती म्हणाली. "तुमाला कळंल?"

तात्यांनी मान हलवली. नाही.

"मंग दगड कवा द्याल? चाक अंगावर आल्यावर?"

नवसी त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि तिने उजवा हात पुढे केला. "दगड एका हातात घ्या. मी दाबीन तवा टाका. आन टाकला की हात काढा. लगेच."

दगड जड होता. तो त्यांनी कमरेशी टेकवून उजव्या हाताखाली धरला आणि डावा हात तिच्या हातात दिला. जिथे बोटं असायला हवी होती तिथे त्यांची बोटं रिकाम्या जागेत घुसली, मग सावरली.

गाडी चढाला लागली. चाकांखालून मुरूम निसटत होता, धुरळा तोंडावर येत होता. तात्यांना इंजिन ऐकू येत होतं ते दुरून, शेजारच्या घरातल्या जात्यासारखं. ते मागच्या चाकाच्या मध्यावर नजर लावून चालले. तिथे, त्या हबच्या आत, त्यांनी न ऐकलेला रॉड फिरत होता. पहिलं वळण गेलं. चढ उभा झाला. एका खडकावर चाक चढलं, थांबलं. गाडी जागच्या जागी थरथरली, वाळूची पोती मागे सरकली. तात्यांनी दगड कमरेवरून सोडवला. हातातल्या हाताकडे त्यांचं सगळं चित्त एकवटलं. त्या हाताच्या प्रत्येक शिरेकडे. तो दाबला गेला नाही. चाकाने खडक गिळला आणि गाडी वर सरकली. दुसरं वळण आलं. कडेला अजून तेलाचा काळा डाग होता आणि डागाच्या खाली दरी. नवसी त्या डागावरून चालत गेली. तात्यांना वळसा घालावासा वाटला, पण हात तिच्या हातात होता, तेही त्यावरूनच गेले.

मग समोर आकाश आलं. गाडी माथ्यावर सपाट जागी जाऊन उभी राहिली. देवू उतरला आणि वाकून मागच्या चाकांशी हात लावून पाहू लागला. हब गरम झालेत का ते. पाड्यावरची पोरं पाड्याच्या बाजूने धावत येताना दिसत होती. त्यांची तोंडं उघडी होती, म्हणजे ती ओरडत असणार.

तात्यांनी दगड खाली ठेवला. छाती भात्यासारखी चालली होती. नवसी शेजारी उभी होती आणि काहीतरी म्हणाली.

तिचं तोंड त्यांच्या बाजूला नव्हतं. ती गाडीकडे पाहत बोलली होती. तात्या हसले आणि त्यांनी मान डोलावली, गेलं वर्षभर प्रत्येकापुढे डोलावत आले होते तशी.

ती पुन्हा काहीतरी म्हणाली. ते पुन्हा मान डोलावणार होते. मान अर्ध्यावर आली आणि थांबली.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

नवसी वळली. समोर आली, तोंड त्यांच्या तोंडासमोर धरलं आणि एकेक शब्द मोकळा करून म्हणाली,

"हात सोडा म्हणते, तात्या. दुखतो."